मदत हवी आहे: वाद होईल पण हसूही येईल असे विषय सुचवा

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापुरात राहतो. यंदा गल्लीतल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी विनोदी लेख लिहायचाय. विषय असा हवा की वाचून दोन्ही बाजूंनी हुज्जत घालावी आणि हसावंही.

सीमाप्रश्न डोक्यात येतोच. १९५६ पासूनचं दुखणं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या जखमेवर विनोद मला नको. त्याच्या कडेकडेचं मात्र लिहावंसं वाटतं. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं, तरी आमच्या घरात आजी 'बेळगाव'च म्हणते आणि धाकटा भाचा शाळेतून येऊन तिला दुरुस्त करतो. जेवणाच्या ताटावर रोजचा खटला! बसमध्ये कंडक्टर कन्नडमध्ये विचारतो, आम्ही मराठीत सांगतो, तिकीट बरोबर मिळतं. गोडात कुंदा श्रेष्ठ की मांडे, यावर तर सख्खे भाऊ अबोला धरतील.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनो, तुमच्याकडे कशावरून जुंपते? कन्नड शेजाऱ्यालाही वाचून दाखवता येईल असंच सांगा. आणि कुठला विषय अजिबात नको, तेही स्पष्ट लिहा.