राजीनामा आत्ता नकोच
यजमान जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत, डोक्याच्या दुखापतीनंतर काम झेपत नाही म्हणून राजीनामा देणार, असं तुम्ही लिहिलंय. थांबवा त्यांना! दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०(४) वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद. तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवणं. (खासगी नोकरीला हे कलम लागू नाही, दुर्दैवाने.) न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या कामाची तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ) स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची चाचणी करून घ्या. स्कॅन नॉर्मल आला तरी हा त्रास असू शकतो आणि साहेबांना कागदच लागतो. कामावर परतल्यावर फायली आणि टेबलाभोवतीची गर्दी एकदम नको, सुरुवातीला शांत जागा मागा.