लिफ्टसमोरची बादली

जोशी बी-३०२: बी विंगच्या लिफ्टसमोर निळी बादली कुणाची आहे? आत मासे आहेत. कृपया उचलावी.

सई सी-५०४: काका, आमची. सकाळी कुलकर्णी मॅडमबरोबर रामनदीवर गेलो होतो, ओढ्यातले जीव मोजायला.

विनया ए-१०१: मुलांना त्या नाल्यात कुणी उतरवलं? लेप्टो झाला तर जबाबदार कोण? आमच्या अर्णवने घरी काही सांगितलं नाही.

कुलकर्णी मॅडम सी-२०३: विनया, बावधनच्या खाली आपण उतरतच नाही. भूगावच्या वर गेलो होतो, सगळ्यांच्या पायात गमबूट होते. आणि तो नाला नाही. खाटपेवाडीहून निघून औंधला मुळेला मिळते ती नदी.

शिंदे ए-४०४: नदी? वास तरी नाल्याचाच येतो 😄

पटवर्धन काकू बी-१०२: माझी पुरणाची चाळण कुणी नेली?

जोशी बी-३०२: बी विंगच्या लिफ्टसमोर निळी बादली. कृपया उचलावी.

कुलकर्णी मॅडम सी-२०३: वास खाली येतो, शिंदे. पुलाजवळ काठावरून चाळणभर गाळ काढला तर नुसत्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी प्राणवायूतही तगतात. वर खळाळात मात्र दगड उलटला की चतुराच्या अळ्या, खेकड्याचं पिल्लू आणि चक्क मळ्या मासा! हनुवटीखालच्या चकतीने खडकाला धरून राहतो. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांना नावं दिली, तेव्हा याचं आपलं नावच उचललं. शास्त्रीय नावात आजही ‘मुल्या’ आहे.

पटवर्धन काकू बी-१०२: चाळणभर गाळ म्हणजे कुठली चाळण?

अर्णव ए-१०१: सॉरी काकू 🙏 धुऊन देतो

पटवर्धन काकू बी-१०२: नको. ठेव आता तुमच्या मळ्याला.

सेक्रेटरी: मासे मोजून झाले असतील तर मेंटेनन्सची थकबाकीही मोजूया. ए विंगमध्ये चार फ्लॅट.

शिंदे ए-४०४: नाव घेऊन बोला ना.

जोशी बी-३०२: विषय बादलीचा आहे.

कुलकर्णी मॅडम सी-२०३: सई, पकडलेलं जागेवरच सोडायचं असं ठरलं होतं ना?

सई सी-५०४: मॅडम, मळ्या, खेकडा सगळे सोडले. दगडही होते तसे ठेवले. बादलीत फक्त पुलाजवळचे गप्पी आहेत. ते परत सोडायचे नाहीत असं तुम्हीच म्हणालात.

कुलकर्णी मॅडम सी-२०३: बरोबर. दक्षिण अमेरिकेतला मासा, डासांसाठी आणून सोडलेला. अंडी न घालता थेट पिल्लं देतो, म्हणून फोफावतो.

विनया ए-१०१: मग बागेतल्या कमळाच्या टाकीत सोडा. तिथे डास मरणाचे आहेत.

सेक्रेटरी: पावसात ती टाकी भरून वाहते आणि पाणी ओढ्यातच जातं. परवानगी नाही.

शिंदे ए-४०४: टँकरवाल्याला द्या. तेवढंच पाण्यात काहीतरी येईल.

जोशी बी-३०२: बादली अजून तिथेच आहे. सकाळी मी नऊ मोजले होते. आता बारीक बारीक इतके आहेत की मोजताच येत नाहीत.