विहिरीकाठचा साठ वर्षांचा गुलाब: दमास्क, एडवर्ड की आणखी काही?

प्रश्न: खळ्यातली (गुहागर तालुका)

आमच्या मागील दारी, विहिरीच्या चौथऱ्याला लागून, गुलाबाचे एक जुने झुडूप आहे. आजेसासूबाईंनी ते कोठूनसे आणून लावले, एवढेच घरात सांगतात; त्याला साठ वर्षे तरी झाली असावीत. फूल मध्यम आकाराचे, गडद गुलाबी, दाट पाकळ्यांचे असून पूर्ण उमलले की वाटीसारखे दिसते. सुगंध असा की परडीत दोनच फुले असली तरी देवघरात शिरताच कळते. थंडीत बहर अधिक असतो, पण ऐन वैशाख सोडला तर एखाद-दुसरे फूल वर्षभर मिळते. पावसात पाने गळून काड्या उरतात आणि नवरात्रापर्यंत झुडूप पुन्हा पालवते.

याउलट गेल्या चार वर्षांत रोपवाटिकेतून आणलेल्या सहा कलमांपैकी तीन पहिल्याच पावसाळ्यात गेली, दोन कशीबशी तग धरून आहेत आणि सहाव्याच्या बुडातून लांबच लांब फांद्या फुटल्या आहेत. त्यांच्या एकेका पानात सात-सात पर्णिका आहेत, फूल मात्र दोन वर्षांत एकही नाही. नातेवाईक जुन्या झुडपाला ‘गुलकंदाचा गुलाब’ म्हणतात. गणपतीनंतर चौथऱ्याचे काम निघणार असल्याने ते हलवावे लागेल. त्याची जात कशी ओळखावी, ते कसे वाचवावे आणि जोडीला नवे काय लावावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: कातळावरची बाग (देवगड)

वर्णनावरून हा दमास्क, म्हणजे आपला गावठी गुलाब वाटतो. गुलकंद याचाच करतात. निर्धास्त राहा, फांद्या लावल्या तरी येतो.

उत्तर २: खुंट आणि डोळा (दापोली)

वरील मताशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण ताईंच्या वर्णनातच आहे. गुलकंद व अत्तरासाठी पुष्कर, कनौज भागांत लावला जाणारा दमास्क मुख्यतः वसंतात एकदाच भरभरून फुलतो आणि त्याला कोरडी, चांगली थंडी लागते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तो वर्षभर फुले देईल हे संभवत नाही. दमास्कांतही पुन्हा फुलणारा एक प्रकार आहे, पण बाराही महिने थोडीथोडी फुले देत राहण्याचा गुण गुलाबांत आला तो चीनच्या गुलाबांकडून. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते युरोपात पोहोचले आणि तेथील गुलाबशेतीचे रूपच पालटले.

मात्र शुद्ध चिनी गुलाबाला तुम्ही सांगता तसा दाट सुगंध सहसा नसतो. म्हणून माझा कल बूरबाँ वर्गाकडे, म्हणजे आपल्याकडे ‘एडवर्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुलाबाकडे आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाचे जुने नाव बूरबाँ. तेथे शेताच्या कुंपणाला चिनी गुलाब आणि पुन्हा फुलणारा दमास्क शेजारी-शेजारी लावत. त्या दोघांच्या नैसर्गिक संकरातून हा वर्ग निर्माण झाला आणि १८१७ च्या सुमारास वनस्पतितज्ज्ञांच्या नजरेस आला. सुगंध एका बाजूचा, सतत फुलणे दुसऱ्या बाजूचे.

खात्रीसाठी फुलाकडे कमी आणि फांदीकडे अधिक पाहा. दमास्काच्या फांदीवर लहानमोठ्या काट्यांची आणि ताठ केसांची गर्दी असते, पानाची खालची बाजू करडी व मऊ लवेची असते, आणि फुलाचा देठ बोटांनी चोळल्यास चिकट लागतो. चिनी गुलाबाची फांदी बरीच गुळगुळीत, काटे थोडे व आकडीसारखे, पर्णिका टोकदार आणि तकतकीत. शिवाय त्यातील पुष्कळांचे फूल उन्हात फिके पडण्याऐवजी गडद होत जाते. बूरबाँ या दोहोंच्या मधला: पर्णिका रुंद, काटे मजबूत पण विरळ.

‘जुना गुलाब’ या शब्दांविषयीही थोडे सांगतो. गुलाबशास्त्रात जुने-नवे हे झुडपाच्या वयावर ठरत नाही. फ्रान्समधल्या लियाँच्या गियो यांचा ‘ला फ्रान्स’ हा गुलाब १८६७ साली आला. तो पहिला हायब्रिड टी (आधुनिक गुलाबांचा मुख्य वर्ग) मानतात आणि त्या सालापूर्वी जे वर्ग अस्तित्वात होते त्यांनाच जुने म्हणतात. त्यामुळे १९५४ चा ‘क्वीन एलिझाबेथ’ एखाद्या अंगणात साठ वर्षे उभा असला, तरी तो आधुनिकच. आधुनिक फुलाची कळी बहुधा लांबट असते आणि मधला भाग उंच राहतो. तुमचे फूल वाटीसारखे उघडते, हेही मी जुन्या वर्गाच्या बाजूने धरतो.

सहाव्या कलमाचा उलगडा सोपा आहे. कणखर मुळांच्या झाडावर, म्हणजे खुंटावर, हव्या त्या गुलाबाचा डोळा (अंकुर) बसवून कलम करतात. तुमच्या कलमात भरलेला डोळा मेला आणि खालचा खुंट वाढला. ‘सात पर्णिका म्हणजे रानटी’ ही समजूत तेवढी सोडून द्यावी, कारण उत्तम बागेतल्या कित्येक गुलाबांनाही सात पर्णिका असतात. फांदी सांध्याच्या खालून निघाली आहे का, हे माती उकरून पाहावे. पानाच्या देठाशी असलेली उपपर्णे झालरीसारखी कातरलेली असतील, तर तो खुंट मल्टिफ्लोरा, म्हणजे कलमांसाठी वापरतात तो रानगुलाब, आहे. तो मागील वर्षीच्या फांदीवर वर्षातून एकदाच फुलतो. दर ऑक्टोबरला छाटत असाल तर फूल दिसणार तरी कसे?

याच संदर्भात एक शंका विचारतो. एडवर्डचाही आपल्या देशात खुंट म्हणून पुष्कळ वापर झाला आहे. तुमचे विहिरीकाठचे झुडूप मुळात कलम नव्हते ना?

खळ्यातली

आज सकाळी पाहिले. काटे मजबूत पण अंतराअंतरावर आहेत, पानाखाली लव नाही आणि देठ चिकट लागला नाही. सहाव्या कलमाची उपपर्णे मात्र कंगव्यासारखी कातरलेली निघाली. आपल्या शंकेमुळे चुलत सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सुरुवातीची दोन-तीन वर्षे तेथे मोठी पिवळी फुले येत आणि नंतर ‘झाडाने रंग बदलला’. आम्ही इतकी वर्षे ही गोष्ट थट्टेवारी नेत होतो!

उत्तर ३: आगरातला (दिवेआगर)

म्हणजे वर भरलेला पिवळा गुलाब गेला आणि त्याचा खुंट तुमच्या देवघराला फुले पुरवत राहिला. पिवळ्याचे जाणे मला नवलाचे वाटत नाही. आधुनिक गुलाबांतला गडद पिवळा रंग प्रामुख्याने ‘पर्शियन यलो’ या जुन्या पिवळ्या गुलाबापासून आला. फ्रेंच गुलाबपैदासकार पेर्ने-ड्युशे यांनी १९०० साली त्याच्या वंशातला ‘सोलेय दॉर’ बाजारात आणला, आणि काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची खोडही त्या वंशाबरोबर आली असे मानतात. या बुरशीला रुजण्यासाठी पान सात-एक तास ओले राहिले तरी पुरते. आपल्याकडे आषाढात ते सात-सात दिवस सुकत नाही. म्हणून नवे निवडताना भडक पिवळे आणि दुरंगी मी टाळतो. माझ्या आगरात ‘आइसबर्ग’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ टिकले, तेही माडांच्या सावलीबाहेर, खाऱ्या वाऱ्याला आडोसा असलेल्या जागी. कलम लावताना सांधा मातीच्या चार बोटे वर ठेवावा, पावसात बुडाशी पाणी साचू देऊ नये आणि गळलेली डागाळलेली पाने रोज उचलावीत. सुपारीवर कोळेरोगासाठी फवारतो तेच बोर्डो मिश्रण त्याच तीव्रतेने गुलाबावर मारू नका. एका वर्षी माझी कोवळी पालवी करपली.

उत्तर ४: खुंट आणि डोळा

एडवर्ड मानायला आता माझी हरकत नाही, तरी फोटो पाहिल्याशिवाय पाटी लिहू नका. साठ वर्षांचे झुडूप मुळासकट हलवणे धोक्याचे आहे, त्यामुळे पावसाचा जोर थोडा ओसरताच काड्या लावून घ्याव्यात. नुकतीच फुलून गेलेली, पेन्सिलीच्या जाडीची फांदी घेऊन तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करावेत, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा आणि अर्धी पुळण, अर्धी माती भरलेल्या पिशव्यांत, पडवीच्या कडेला, थेट पागोळ्यांखाली येणार नाहीत असे ठेवावे. दहा-बारा तरी लावा, कारण सगळ्या जगत नाहीत. शिवाय दोन फांद्यांवर गुटी बांधून ठेवा, म्हणजे त्या झाडावर असतानाच त्यांना मुळे फुटतील. ही रोपे स्वतःच्याच मुळांवर वाढणार असल्याने त्यांना बुडातून फुटलेला कोंब काढायचा नाही.

मल्टिफ्लोराचे ते सहावे कलमही उपटू नका. यंदा ऑक्टोबरमध्ये त्याला कात्री न लावता थंडीत कोणी डोळा भरणारा मिळाला, तर याच एडवर्डचा एक डोळा त्यावर भरून पाहता येईल.