पहिलं फाउंटन पेन, निब एफ (फाइन, बारीक) घेऊ की एम (मीडियम, मध्यम)?

ठाणेकर: लॅमी सफारी हे जर्मन पेन घेतोय, अक्षर बारीक आहे, रोज मराठीच लिहितो आणि वही कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी, तर निब कुठली घेऊ?

वाशीवाला: डोळे झाकून एफ. मी एम घेतली होती, 'क्ष'चं पोट शाईने भरायचं आणि अनुस्वार म्हणजे भिंतीवर डास मारल्यासारखा ठिपका, त्यात साध्या कागदावर शाई फुटते ती वेगळीच.

नौपाड्याची: पण जपानी पेन घेतलंस तर हिशोब बदलतो हं, पायलटची एफ साधारण जर्मन ईएफच्या (एक्स्ट्रा फाइन, एफहून बारीक) जवळ जाते, खरखरीत कागदावर टोचते. सफारीची निब ओढून काढता येते, चुकलं तरी नुसती निब बदल.

ठाणेकर: मग एफच. डास घोडबंदरला आधीच भरपूर आहेत :)