शब्दचर्चा: अ‍ॅकॅन्थोसाईटला मराठीत काय म्हणायचं?

विट्याची_पोर
काटे फुटल्यासारख्या दिसणाऱ्या तांबड्या रक्तपेशीला शब्द हवाय. अ‍ॅकॅन्थोसाईट. ओळखीतल्या एका घरात तिशीतल्या पोराचे हातपाय आपोआप हलायला लागलेत, ओठ-जीभ चावली जाते, जेवताना जीभच घास बाहेर ढकलते. मिरजेला दाखवलं तर पीएस रिपोर्टमध्ये (रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघतात तो) हा शब्द आला आणि डॉक्टर न्यूरोअ‍ॅकॅन्थोसायटोसिसची शंका आहे म्हणाले, म्हणजे मेंदूची झीज आणि रक्तात ह्या पेशी असं एकत्र असणाऱ्या आजारांचा गट. घरात आता "रक्तात कायतरी निघालंय" एवढंच चाललंय. मला त्यांना साध्या मराठीत पानभर लिहून द्यायचंय. कंटकपेशी लिहू का काटेरी पेशी?

शाहूपुरीचे_मास्तर
मूळ ग्रीक शब्द अकांथा म्हणजे काटा, त्यामुळं कंटकपेशी अर्थाला बरोबर आहे, पण शाळेच्या पुस्तकातली लोहित रक्तकणिका जशी परीक्षेपुरती राहते तसंच ह्याचं होणार. घरात कोण लोहित म्हणतं? तांबड्या पेशी म्हणा. काटेरी तांबड्या पेशी.

कुपवाड_एमआयडीसी
सर पण नुसतं पेशी म्हटलं की आमच्याकडं डेंग्यू. "पेशी किती झाल्या" म्हणजे प्लेटलेट किती झाल्या. पेशी बदलल्यात असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी घरात पपईच्या पानाचा रस तयार असंल बघा. तांबड्या हा शब्द प्रत्येक ठिकाणी लिहायचा, गाळायचा नाही.

स्लाईडवाला
मिरजेत लॅबला आहे, जरा लांबड लावतो. काटेरी हा शब्द मला नको वाटतो कारण काटे दोन तऱ्हेच्या तांबड्या पेशींना असतात आणि त्या दोन्हीत गल्लत झाली की पेशंटची वाट चुकते. एक अ‍ॅकॅन्थोसाईट, हिला काटे थोडे, वेडेवाकडे, एक लांब एक आखूड, टोकं बोथट, कसेही कुठेही फुटलेले आणि मधला फिकट भाग गेलेला. दुसरी एकायनोसाईट, ज्याला आम्ही बर सेल म्हणतो, हिला गोल फिरून सारख्या अंतरावर सारखे बारीक काटे, दहा ते तीस. ही दुसरी किडनीच्या आजारात दिसते पण पुष्कळदा तो आजारच नसतो, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं की चांगल्या पेशीपण अशा होतात. विटा आटपाडीकडनं सँपल दुपारच्या गाडीनं येतं, उन्हातनं, आणि मग स्लाईड केली की सगळीकडं काटेच काटे. म्हणून ह्या तपासणीला पेशंटनं स्वतः यावं आणि ताज्या रक्ताची स्लाईड व्हावी. ताज्या रक्तात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं सलाईन समप्रमाणात मिसळून ओल्या थेंबात बघायची पद्धत आहे, त्यात नुसत्या वाळक्या स्लाईडपेक्षा ह्या पेशी जास्त सापडतात. सीबीसीचं मशीन पेशी मोजतं, आकाराचं त्याच्यावर सोडू नका, डोळ्यानं बघावं लागतं. आणि स्लाईड साफ आली तरी आजार नाही असं होत नाही, काही पेशंटात ह्या पेशी दिसतच नाहीत किंवा फार उशिरा दिसतात. सीके नावाचं स्नायूंचं एन्झाईम मात्र बहुतेकांत वाढलेलं असतं, ते केलं नसेल तर डॉक्टरांना विचारा.

माणदेशी_मेंढका
मग सोप्पं हाय की ओ. पहिली सराटा, दुसरी धोतऱ्याचं बोंड. सराट्याला दोन काटे मोठं दोन बारकं, कसा बी पडला तरी एक वर. धोतऱ्याच्या बोंडाला सगळीकडनं सारखं.

स्लाईडवाला
दादा, हे मी उद्याच आमच्या ट्रेनी पोरांना सांगणार. पुस्तकातल्या फोटोपेक्षा पटकन डोक्यात बसतंय.

शाहूपुरीचे_मास्तर
सराटापेशी. वा. कोशात कधी येणार नाही, पण जत-आटपाडी-दहिवडीला एका दमात कळेल. पुण्यात तळटीप लागेल, लागू दे.

विट्याची_पोर
घेतला. आता दुसरं. "रक्तातला आजार" असं लिहू का नको? घरचे विचारतात रक्त बदललं तर बरं होईल का. एक पाहुणे तर रक्ताचा कॅन्सर सांगून मोकळे झाले.

नर्सताई_सांगली
अजिबात लिहू नका. आपल्याकडं "रक्तातच आहे त्याच्या" म्हणजे खानदानी आहे, आणि "रक्तात दोष" म्हणजे रक्त खराब, हे दोन्ही अर्थ एकदम कानात जातात आणि माणूस घाबरतो. हा आजार मेंदूचा आहे, खूण तेवढी रक्तात दिसते. कोरिया-अ‍ॅकॅन्थोसायटोसिस (ह्यातला कोरिया म्हणजे हातपाय आपोआप हलणं, देश नव्हे) असेल तर व्हीपीएस१३ए नावाच्या जनुकात बिघाड असतो, २००१ साली सापडलं ते. त्या जनुकावरनं कोरीन हे प्रथिन बनतं, पेशीतल्या एका आवरणाकडनं दुसऱ्या आवरणाकडं स्निग्ध पदार्थ पोचवायचं काम त्याचं. ते नसलं की तांबड्या पेशीचं आवरण बिघडतं आणि मेंदूच्या आतला कॉडेट नावाचा भाग झिजत जातो, म्हणजे दोन्ही ठिकाणी एकाच बिघाडाचा परिणाम, रक्तामुळं मेंदू बिघडला असं नव्हे. म्हणून रक्त बदलून काही होत नाही. तांबड्या पेशीच्या आवरणात कोरीन आहे का हे वेस्टर्न ब्लॉट नावाच्या प्रथिनं शोधायच्या तपासणीनं बघता येतं, मोठ्या सेंटरला विचारावं लागेल.

उलट रक्त देताना एक सांभाळायचं. ह्याच गटातला मॅक्लिऑड सिंड्रोम असेल तर त्या माणसाच्या तांबड्या पेशीवर केल रक्तगटाच्या खुणा अगदी फिक्या असतात आणि केएक्स नावाची खूण नसतेच, त्याला चुकीचं रक्त चढलं तर अँटीबॉडी तयार होऊन पुढं जुळणारं रक्त मिळणं मुश्कील होतं. १९६१ साली हार्वर्डमध्ये दातांच्या डॉक्टरीचं शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात हे पहिल्यांदा दिसलं, त्याच्याच आडनावानं ते ओळखलं जातं. म्हणून नेमकं कुठलं आहे हे कळेपर्यंत कुणी हौसेनं बाटली चढवायला जाऊ नये.

कुपवाड_एमआयडीसी
ताई मज्जातंतूचा आजार लिहिलं तर?

नर्सताई_सांगली
नको, मज्जा म्हटलं की निम्मे लोक हाडातला मगज धरतात. मज्जारज्जू पाठीत, अस्थिमज्जा हाडात, आणि रक्त बनतं हाडातल्या मज्जेत, म्हणजे इथं तर गोंधळाला पुरेपूर वाव.

शाहूपुरीचे_मास्तर
आयुर्वेदातली मज्जा हाडातलीच, सात धातूंतली सहावी. नसांना ती कुणी चिकटवली देव जाणे. मेंदू लिहा, सगळ्यांना कळतं. आणि ऱ्हास, अपक्षय असलं काही नको, क्षय तर नकोच, टीबी समजतील. झीज. मेंदूची झीज.

स्लाईडवाला
जाता जाता एक, पांढऱ्या पेशीतपण अशी खूण असते. बॅटन म्हणून लहान मुलांचा आजार आहे, आधी नजर जाते मग फिट, बुद्धी मागं पडत जाते, त्याच्या सीएलएन३ प्रकारात लिम्फोसाईटमध्ये पोकळ्या दिसतात, त्या पुस्तकातल्या रिक्तिका. आणि सराटापेशी दिसली म्हणजे हाच आजार असंही नाही, लिव्हर फार खराब झालं तरी दिसते. अजून एक आहे, अबीटालायपोप्रोटीनेमिया, नाव घेताना दात पडतील, १९५० साली बॅसन आणि कॉर्नझ्वाईग ह्या दोघांनी पहिल्यांदा लिहिलं. त्यात तर निम्म्याच्या वर पेशी सराट्याच असतात. तुपातेलातलं अंगाला लागत नाही, ई व्हिटॅमिन पोचत नाही आणि नसा बिघडतात. तो लवकर कळला तर ई व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसनं नुकसान रोखता येतं. म्हणून ह्या पेशीचं नाव ऐकून हातपाय गाळायच्या आधी कुठला प्रकार ते बघून घ्या.

विट्याची_पोर
हे फार कामाचं. आता पिढीजात. डॉक्टरांनी आनुवंशिक म्हटल्यावर आजोबा चिडलेत, आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही म्हणून. सुनेच्या माहेरावर घसरले.

नर्सताई_सांगली
पिढीजात हा शब्द इथं घात करतो. हंटिंग्टन हाही हातपाय आपोआप हलायचा मेंदूचा आजार, त्याला तो बसतो, तिथं आई किंवा बाप दोघांतल्या एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, पिढी चुकत नाही सहसा. कोरिया-अ‍ॅकॅन्थोसायटोसिसला आईबाप दोघांकडनं बिघडलेली एकेक प्रत यावी लागते, दोघं स्वतः ठणठणीत, आणि प्रत्येक मुलाला २५ टक्के शक्यता. मग सात पिढ्या काही दिसलं नाही हे खरंच असणार! नात्यात लग्न झालं असेल तर एकच प्रत दोन्हीकडनं यायची शक्यता वाढते, आपल्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत आहे म्हणून तेवढं शांतपणे विचारा. दोष द्यायला म्हणून नाही, आणि एकट्या सुनेचा तर नाहीच. मॅक्लिऑडमध्ये मात्र एक्स गुणसूत्रावरनं आईकडनं मुलग्याला येतं, तिथं आई वाहक.

माणदेशी_मेंढका
वाहक म्हंजी कंडक्टर का ओ?

शाहूपुरीचे_मास्तर
एसटीनं तो शब्द कायमचा नेला बघा. "आई वाहक आहे" लिहिलं तर आजी विचारेल कुठल्या डेपोला.

विट्याची_पोर
मग "तिच्या अंगात आहे पण तिला होत नाही" असं लिहू?

नर्सताई_सांगली
अंगात आहे नको! त्या पोराचे हातपाय बघून आधीच गावात कुणीतरी अंगात आलंय म्हटलं असणार. "तिच्याकडून पुढं जाऊ शकतं, तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही" असं लिहा. लांब झालं तरी चालेल.