अ‍ॅगोराफोबिया : ‘मोकळ्या जागेची भीती’ चालेल का?

द्राक्षबाग

नमस्कार मंडळी. एका दवाखान्यासाठी मानसिक आजारांची माहितीपत्रकं मराठीत करतेय. वाचणारे म्हणजे दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून नाशिकला येणारे पेशंट आणि त्यांच्या घरचे. डिप्रेशनला नैराश्य, ओसीडीला मंत्रचळ, असं बाकीचं मार्गी लागलं. गाडी अडली ती अ‍ॅगोराफोबियापाशी. बऱ्याच ठिकाणी ‘मोकळ्या जागेची भीती’ असा प्रतिशब्द दिसतो. तोच लिहून दिला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “समजा, निफाडची एखादी बाई घरामागच्या द्राक्षबागेत दिवसभर राबते, आणि नाशिकच्या निमाणी बसस्टँडला उतरून एकटीने मेन रोडच्या बाजारात जायचं म्हटलं की तिला दरदरून घाम फुटतो. तिच्या हातात हे पत्रक दिलं तर ती म्हणेल, हे काय माझं नाही बाई, मला तर मोकळं रान आवडतं.”

बिनतोड. मग काय लिहू?

सिडकोकर

सोपं आहे. ‘गर्दीची भीती’ म्हणा. दिवाळीच्या तोंडावर मेन रोडला चारचाकी घेऊन गेलेल्या प्रत्येक नाशिककराला हा आजार आहे. हलके घ्या.

शब्दवेडा

सिडकोकर, गर्दी म्हणावं तर शब्दाचा जन्मच आडवा येतो. अगोरा म्हणजे ग्रीक शहरातली सगळ्यांची जागा. सभा तिथेच, बाजारही तिथेच. आपला गंगाघाट, म्हणजे नाशिकचा गोदाकाठ, डोळ्यांपुढे आणा: बुधवारी भाजीबाजार, एरवी सभा, कीर्तनं, क्रियाकर्म, सगळं एकाच काठावर. म्हणून कुणी शब्द फोडून ‘बाजारभय’ म्हणतं, कुणी ‘मैदानभय’, आणि दोघंही व्युत्पत्तीत अडकून बसतात.

हे नाव १८७१ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरने दिलं. त्याच्यापुढे तीन पुरुष रुग्ण होते. मोठा चौक किंवा लांब रस्ता ओलांडायचा म्हटलं की त्यांची छाती धडधडायची, पाय उचलायचा नाही. आता यातली गंमत पाहा. रस्ते ओस पडलेले आणि दुकानं बंद असली की त्यांचा त्रास वाढायचा. सोबत कुणी असलं की कमी व्हायचा. माणूसच हवा असंही नाही, शेजारून एखादी गाडी चालली असेल किंवा हातात काठी असेल तरी धीर यायचा. म्हणजे गर्दीची भीती म्हणावं तर हे लोक रिकाम्या रस्त्याला भ्यायचे, आणि मोकळ्या जागेची म्हणावं तर जागा तेवढीच मोकळी असताना नुसत्या काठीने भीती कशी कमी होते?

त्याच्या थोडंसं आधी व्हिएन्नाच्या मोरिट्झ बेनेडिक्टने याच तक्रारीला ‘चौकातली भोवळ’ अशा अर्थाचं जर्मन नाव दिलं होतं. वेस्टफालला ते पटलं नाही. भोवळ हा मूळ आजार नाही, मुळात भीती आहे, असं त्याचं म्हणणं. दीडशे वर्षं झाली, आपल्याकडे अजूनही अशा माणसाला आधी ‘चक्कर येते, बीपी बघा’ हेच सांगितलं जातं.

गंगापूररोड

मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या निदान-पुस्तिकेत, पाच प्रकारच्या जागा दिल्या आहेत. बस-रेल्वेसारखी वाहनं, मैदान, पूल, पार्किंग अशा उघड्या जागा, दुकान, थिएटर अशा बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यातल्या किमान दोन ठिकाणी तीव्र भीती वाटते, माणूस ती ठिकाणं टाळतो किंवा जीव मुठीत धरून निभावतो, साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हे चालतं आणि त्यापायी रोजचं जगणं अडतं, तेव्हा निदान होतं. यादीत उघडी जागाही आहे आणि बंदिस्तही. गोल्फ क्लबचं मैदान आणि सिटीलिंकची भरलेली शहरबस एकाच आजारात बसतात. त्यामुळे जागेवरून नाव शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

पाचही ठिकाणी समान आहे तो मनात उठणारा प्रश्न: इथे मला काही झालं तर पटकन बाहेर पडता येईल का, आणि मदतीला कोण येईल? ‘काही झालं’ म्हणजे बहुतेकदा पॅनिक अ‍ॅटॅक. धडधड, धाप, हातापायांना मुंग्या, आता मरतोच असं वाटणं. काही मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. म्हाताऱ्या माणसांत हाच प्रश्न वेगळा असतो: घाटाच्या पायऱ्यांवर पडलो तर? लघवी आवरली नाही तर?

याच पुस्तिकेच्या १९८७ च्या आवृत्तीत हा आजार बराचसा पॅनिक डिसऑर्डरच्या पोटात घातला होता. २०१३ पासून तो स्वतंत्र आहे, कारण एकदाही पूर्ण अ‍ॅटॅक न आलेल्यांनाही तो होतो. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट. सुरुवात बहुधा पंचविशी-तिशीच्या आतच होते.

आणि सिडकोकर, मेन रोडचा वैताग हा आजार नाही. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर जायला घाबरणं हाही नाही. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी ज्यांना आठवते त्यांची भीती रास्त आहे. धोक्याच्या मानाने भीती फार मोठी असेल तरच ती विकारात मोडते.

सिडकोकर

पटलं. ‘गर्दी’ मागे. पण मग तो संस्कृत कारखाना सुरू करू नका. ‘निर्गमनदुष्करताभयगंड’ वाचूनच एखाद्याला अ‍ॅटॅक येईल.

शब्दवेडा

नाही करत. पण ‘गंड’बद्दल बोलायचंच होतं. न्यूनगंड, अहंगंड यांच्या ओळीत ‘भयगंड’ बसवला की वाचणाऱ्याला तो स्वभावदोष वाटतो. ‘गंड आहे त्याला’ हे आपण कौतुकाने कधी म्हणतो का? आजारासाठी मी तो टाळेन.

आपल्याकडे आधीच बारीक फरकाचे शब्द पडलेले आहेत. भीती समोरच्या गोष्टीची. धसका एकदा बसतो आणि मग जात नाही. धास्ती अजून न घडलेल्या गोष्टीची असते आणि ती माणूस घरबसल्या घेतो. गंगापूररोड यांनी सांगितलेला क्रम लावून बघा: पहिला अ‍ॅटॅक बसमध्ये आला, त्याचा धसका बसला, आणि आता उद्या बसने जायचंय या विचाराने आज रात्रीच धास्ती. तीन शब्दांत आख्खा आजार उलगडतो.

गंगापूररोड

क्लासमध्ये वापरणार हे, परवानगी न मागता. फक्त एक भर. धास्तीने बस सोडली की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. ते बरं वाटणं मनाला शिकवतं की बस खरंच धोक्याची होती. पुढच्या वेळी रिक्षाही नको वाटते, मग कोपऱ्यावरचा किराणा, मग फाटक. टाळण्याने आजार वाढतो, हे पत्रकात ठळक टाइपात हवं.

कसाराघाट

या धाग्यावर वाचनमात्र होतो, पण लिहितो. मुंबईला नोकरी, पंचवटी एक्सप्रेसने जाणं-येणं. इगतपुरी सोडली की बोगद्यात गाडी थांबेल या विचाराने आधीच तळहात ओले. कायम दाराजवळची जागा, खिशात पाण्याची बाटली आणि एक गोळी, जी मी कधी घेतली नाही. सहप्रवाशांना वाटायचं की मला वारा आवडतो. पहिल्यांदा झालं तेव्हा हार्ट अटॅक समजून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. नॉर्मल आल्यावर घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून विषय संपवला.

‘मोकळ्या जागेची भीती’ हे मीही तेव्हा वाचलं होतं आणि आपल्याला हे नाही असं ठरवून पुढे गेलो होतो. डॉक्टरीणबाईंचा मुद्दा अगदी खरा आहे.

द्राक्षबाग

कसाराघाट, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. वेस्टफालच्या रुग्णाची काठी आणि तुमची न घेतलेली गोळी सख्खी भावंडं दिसतात.

तुमच्या उलट बाजूचं एक मनात आलं. तुम्हाला रोज एकटं जावं लागत होतं म्हणून आजार निदान तुमच्या तरी लक्षात आला. आमच्या गावाकडे बाईमाणूस एकटं तालुक्याला निघालं तरच लोक विचारतात. ‘तिला सोबत लागते’ हे वाक्य सासर-माहेर दोन्हीकडे कौतुकाने म्हणतात. बँकेत नवरा, दवाखान्यात जाऊबाई, बाजारात लेक. अशा घरात एखादीला हा आजार दहा वर्षं असला तरी कुणाला कळणार नाही, तिलाही नाही. पुरुष घरी बसला तर ‘घरकोंबडा’ म्हणून टोमणा तरी मिळतो. म्हणून पत्रकात ‘सोबत’ हा शब्द घालणारच. ‘सोबतीशिवाय घराबाहेर पडवत नाही का?’ असा थेट प्रश्न.

शब्दवेडा

उत्तम. मात्र ‘बाहेरची भीती’ असं चुकूनही छापू नका. ‘बाहेरचं’ म्हटलं की गावाकडे लिंबू-मिरची काढतात. पेशंट दवाखान्यात पोचण्याऐवजी भगताकडे पोचेल.

गंगापूररोड

हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, पण शंभर टक्के बरोबर. आणि ‘चारचौघांत भीती’ हेही नको. चारचौघांत लोक काय म्हणतील, हसतील का, ही सोशल अँक्झायटी. तिथे माणसं नकोशी वाटतात. इथे उलट, ओळखीचं माणूस जवळ हवं असतं.

उपचाराच्या परिच्छेदात सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) लिहाल तेव्हा ती काय असते ते सांगा. नुसतं ‘समुपदेशन’ लिहिलं की लोकांना गोड बोलून समजूत काढणं वाटतं. थेरपिस्टबरोबर पायऱ्या ठरतात: आधी बसस्टॉपवर नुसतं उभं राहायचं, मग एक स्टॉप, मग सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, मग सोबतीशिवाय. भीती वाटली तरी लगेच उतरायचं नाही, आपल्याला वाटतं ते घडत नाही आणि भीती सोसवते हे अनुभवायचं. गरजेप्रमाणे एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंतेवरची) औषधं देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने सुरू करायची नाहीत आणि मनाने बंदही करायची नाहीत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबरही टाका, मराठीत बोलता येतं.

सिडकोकर

सीबीटी करून सीबीएसला पोचायचं. नाशिककरांच्या लक्षात राहील.

द्राक्षबाग

मसुदा टाकते, झोडपा.

“अ‍ॅगोराफोबिया (अडकण्याची धास्ती). बस, बाजार, रांग, पूल किंवा मोकळं मैदान, अशा ठिकाणी ‘मध्येच काही झालं तर इथून निघणार कशी? मदत कोण करणार?’ या धास्तीने जीव घाबरा होतो का? म्हणून तुम्ही जाणं टाळता का? सोबतीशिवाय घराबाहेर पडवत नाही का? हा चिंतेचा आजार आहे, उपचारांनी तो आटोक्यात येतो.”

कसाराघाट

‘निघणार कशी’ला ‘कसा’ पण जोडा. आम्हीही आहोत.

शब्दवेडा

‘अडकण्याची धास्ती’ला माझं मत. कंस काढा आणि मराठी नाव वर, मोठ्या अक्षरात घ्या. इंग्रजी नाव खाली बारीक चालेल, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघण्यापुरतं.

द्राक्षबाग

दोन्ही बदल केले. शुक्रवारी छापायला जातंय. आता पुढचा शब्द: पॅनिक अ‍ॅटॅक. ‘झटका’ लिहिलं तर हार्टचा वाटतो किंवा फिटचा. नवीन धागा काढते, सगळ्यांनी या.