सायकलची खरेदी, दुरुस्ती, सर्व्हिसिंग: तुमचे अनुभव लिहा

सायकल घ्यायला गेलं की आपण किंमत विचारतो, गिअर किती ते विचारतो, पोरं रंग बघतात. ती जोडणार कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. कंपनीकडून सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पायडल, सीट दुकानात बसतं; ब्रेक आणि गिअरही तिथेच लावले जातात. हे काम कोणाच्या हातून होतं, त्यावर सायकल पुढे सुख देणार की डोकेदुखी, ते ठरतं. माझं स्पष्ट मत आहे की कंपनी निवडण्याआधी मिस्त्री निवडावा.

म्हणून हा धागा. खरेदी, दुरुस्ती, फ्री सर्व्हिसिंग, वॉरंटी, कशाबद्दलही लिहा, वर फक्त आपल्या गावाचं नाव टाका. वाईट अनुभव असेल तर दुकानाचं नाव नको, पण बिघाड काय होता, तुम्हाला काय सांगितलं गेलं आणि शेवटी काय निघालं हे नीट लिहा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल.

सुरुवात मी करतो. पुण्यात भाच्यासाठी एका मोठ्या, चकचकीत दुकानातून सायकल घेतली. वळताना त्याचा बूट पुढच्या चाकाला घासायचा. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "मॉडेलच तसं आहे सर, सवय होईल." पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे हवा भरायला थांबलो, तर त्यांनी सायकल स्टँडवर लावायच्या आधीच सांगितलं, "चिमटा उलटा बसवलाय." पुढच्या चिमट्याचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या दांड्याचा, बाक पुढे असायला हवा, तो मागे होता. त्यामुळे चाक पायडलच्या जवळ आलं होतं, ब्रेक चिमट्याच्या मागे गेला होता आणि केबल हँडलभोवती पिळली गेली होती. त्यांनी हँडल सैल करून चिमटा फिरवला, ब्रेक पुन्हा लावला, हात पुसले. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पाय उतारावर चाकात अडकला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही राग येतो. नवी सायकल दुकानाबाहेर काढण्याआधी बाजूने उभं राहून चिमट्याचा बाक बघाच.

ठाणे

सायकल ऑनलाइन मागवली होती. "८५ टक्के जोडलेली" असं लिहिलं होतं आणि उरलेलं जोडायला कंपनीचा माणूस येणार होता. आला, घाईत होता, डावं पायडल नेहमीच्या आट्यांनी फिरवून जोर लावून बसवलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवताना ते आपोआप सुटत जातं. क्रँक, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो हात, ॲल्युमिनियमचा, पायडलचा दांडा लोखंडी. क्रँकचे आटे गेले. थोडे दिवस चाललं आणि एके सकाळी भर रस्त्यात पायडल निखळलं.

कंपनीचं म्हणणं, "वापरामुळे झालं, वॉरंटीत बसत नाही." मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिल, निखळलेल्या पायडलचा फोटो आणि खराब आट्यांचा जवळून काढलेला फोटो जोडला. नवा क्रँक आला, बसवण्याची मजुरीही मिळाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारात मोडतं. बिलावर मुदत दिलेली नसेल तर परत करायला ३० दिवस धरले जातात. तेव्हा "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून गप्प बसू नका.

कोल्हापूर

वाईट अनुभव पुष्कळ येतील, मी चांगला लिहितो.

वडिलांची ॲटलास अजून रोजच्या वापरात आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला बंद झाला, तेव्हा वडील दिवसभर हळहळत होते. सुट्या भागांची मात्र कधी अडचण आली नाही. काळ्या दांडीच्या सायकलींचे कोन (चाकाचं बेअरिंग आवळणारे भाग), कॉटर पिना (क्रँक घट्ट धरणाऱ्या), ब्रेक रबर लुधियानाहून येत राहतात आणि एका कंपनीचे बहुतेक दुसरीला चालतात.

आमचे मिस्त्री सत्तरीचे. शटरच्या आत एक खोली, खिळ्यांना टांगलेल्या टायरी, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. मागच्या चाकाला आउट आला, म्हणजे ते फिरताना डगडगायला लागलं, म्हणून सायकल नेली, तर त्यांनी ती उलटी उभी केली, चाक फिरवलं आणि रिमच्या कडेला खडू धरला. जिथे रिम बाहेर आली होती तिथे खडूची रेघ उमटली. मग त्या रेघेजवळचे स्पोक एका बाजूने सैल, समोरच्या बाजूने घट्ट, प्रत्येक निपलला (स्पोकच्या टोकाच्या नटाला) जेमतेम पाव फेरा. पुन्हा फिरवलं, पुन्हा खडू. रेघ लांब होत होत शेवटी सगळ्या रिमभर पुसटशी उमटली. मला वाटलं झालं काम. पण ते एकेका स्पोकला नखाने छेडत बसले, तानपुरा लावावा तसे.

"काका, आउट तर निघाला. आता काय बघताय?"

"रिम सरळ झाली रं. पण ताण सगळीकडं सारखा हाय का बघतोय. एक ढिला राहिला की शेजारचा तुटतोय, आणि मग तू म्हणणार मिस्त्रीनं वाट लावली."

छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, बदलायलाही त्यांची एक पद्धत आहे. मागच्या चाकात एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे असतात. त्यातले दोन झिजलेले दिसले तरी ते नऊच्या नऊ बदलतात, कारण नवा छर्रा जुन्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावरच येतो. मग रॉकेलने हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, धुऊन, नवं ग्रीस भरून, कोन असा बसवतात की चाक हलतही नाही आणि अडतही नाही. त्यांच्याकडे पावती नाही, फ्री सर्व्हिसिंग नाही. काढलेले जुने छर्रे मात्र ते कागदाच्या पुडीत बांधून आपल्या हातात देतात.

धागाकर्ता

जुने भाग परत देणं ही मला दुकान ओळखायची सगळ्यात सोपी खूण वाटते. ज्याने खरंच भाग बदललाय, त्याला तो दाखवायला अडचण नसते. मोठ्या दुकानांतही मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुंबई, अंधेरी

मी स्वतःसाठी सायकल घ्यायला गेले होते, पैसेही माझे होते, पण विक्रेता पूर्ण वेळ नवऱ्याशी बोलत होता. मला म्हणाला, "मॅडम, ही लेडीजना चालते, सीट खाली करून देतो." फ्रेम मला मोठी होती. सीट खाली केल्याने पाय टेकतात, पण हँडल होतं तिथेच राहतं, म्हणजे हात ताणूनच चालवायचं. ते सांगितलं तर म्हणाला, "दुसरा साइज मागवावा लागेल, आणि ऑफर आजच संपतेय." तिथून निघालो.

दुसऱ्या दुकानात एक तरुण मुलगी होती. तिने आधी मला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं केलं, एक जाडसर पुस्तक पायांमध्ये वरपर्यंत सरकवायला सांगितलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. त्या मापावरून दोन फ्रेम काढल्या आणि दोन्हींवर मला गल्लीत फेरी मारायला लावली. शेवटी लहान फ्रेम घेतली आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, आखूड बसवून घेतला. सायकल चालवली की मान आणि मनगटं दुखायचीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता काहीही दुखत नाही. बायांनो, फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि विक्रेता तुमच्याशी बोलत नसेल तर दुकान बदला.

रत्नागिरी

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. खाऱ्या हवेत चेन आठवड्यात लाल होते. इथल्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढून ग्रीस लावला. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा कोरडा ठेवला तर तो आत धरतो आणि मग निघता निघत नाही. शहरातून आणलेल्या शेजाऱ्याच्या सायकलला कोणी ते केलं नव्हतं, त्याचा दांडा शेवटी कापून काढावा लागला. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी नवी सायकल घेताना एवढं समोर उभं राहून करून घ्या.

नाशिक

२०१५ साली आमच्या गावच्या डॉक्टर महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून मित्रांच्या गप्पांत सायकल शिरली ती कायमची. मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर सायकलने कापतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि सायकलने वाटेत दगा दिला तरी घड्याळ थांबत नाही.

एका ब्रेव्हेच्या आधी गिअर घसरत होते. पहिल्या दुकानात न उघडता सांगितलं, "चेन, कॅसेट (मागची गिअरची चक्रं), पुढची चक्रं, सगळं बदला." पाच आकडी खर्च होता. दुसरीकडे गेलो. तिथल्या मुलाने चेनवर पट्टी धरली. बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक षोडशांश इंच वाढली की चेन बदलायची. एक अष्टमांशापर्यंत गेली तर तोवर तिने कॅसेटचे दातेही खाल्लेले असतात. माझी वाढ पहिल्या खुणेच्याही आत होती. मग त्याने गिअरची तार तपासली. ती लिव्हरजवळ आत उसवून दोन-तीन तंतू तुटले होते. तार आणि नळी बदलली, गिअर लावून दिले, बिल काही शेकड्यांत. "कॅसेट विकली असतीस तर फायदा झाला असता," असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी लागेलच की दादा, तेव्हा माझ्याकडेच याल." गेलोही.

नागपूर

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवाल्यांसाठी. ब्रेक मऊ पडला म्हणून सर्व्हिसिंगला दिला. दुकानदाराने मोटरसायकलचं ब्रेक ऑइल भरलं. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, मोटरसायकलच्या डॉट ऑइलने आतले रबरी सील फुगतात. थोड्याच दिवसांत लिव्हर परत येईना, शेवटी लिव्हर आणि कॅलिपर (चाकाजवळचा ब्रेकचा भाग) दोन्ही बदलावे लागले. भरपाई सोडाच, त्याने चूकही मान्य केली नाही. तेल भरण्याआधी बाटली बघायला मागा. बहुतेक लिव्हरवर कुठलं तेल ते छापलेलं असतं.

उट्रेख्त, नेदरलँड्स

इथे दुरुस्तीची मजुरी ऐकून आपल्याकडचा माणूस घाबरतो. नुसतं पंक्चर काढायचे पैसे ऐकून मी स्वतः शिकले. पण एक पद्धत मला फार आवडली. सायकल जमा करताना काय करायचं ते कागदावर लिहितात, आणि उघडल्यावर आणखी काही निघालं तर आधी फोन करतात. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हात लावत नाहीत. जुनी सायकल घेताना फ्रेमवरचा नंबर पोलिसांच्या चोरीच्या नोंदीत तपासता येतो. तपासल्याशिवाय घेऊ नये, इथे सायकलचोरी फार.

सोलापूर

माझ्या सायकलवर नुसतं २६ लिहिलंय. दुकानातून दोनदा २६ चा टायर आणला, दोन्ही वेळा रिमवर चढला नाही. दुकानदार म्हणतो रिम खराब आहे, नवं चाक घ्या. खरंच?

सातारा

माझं सायकलचं दुकान आहे, म्हणून सोलापूरकरांना आधी उत्तर देतो. रिम खराब नसणार. २६ नावाची वेगवेगळी मापं आहेत. जाड टायरच्या सायकलला, म्हणजे २६ बाय १.९५ वगैरेला, ५५९ मिलिमीटरची रिम असते. जुन्या धाटणीच्या २६ बाय एक पूर्णांक तीन अष्टमांशला ५९० ची. एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसत नाही. जुन्या टायरच्या बाजूला पाच अंकी आकडा बघा, ३७-५९० किंवा ५०-५५९ असा. तो आकडा दुकानात दाखवा. उलट २९ आणि सातशे सी ही नावं वेगळी असली तरी रिम दोन्हींची ६२२ च, रुंदी जुळली की टायर चालतो. नवं चाक घेऊ नका.

आता आमची बाजू. ऑनलाइन आलेली सायकल जोडायला आणली की गिऱ्हाईक म्हणतं, "फक्त हँडल तर बसवायचंय." मी जोडली की चाकाचा आउट, ब्रेक, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग), सगळं बघूनच देतो, कारण उद्या पडला तर नाव माझं येतं. त्याची मजुरी लागते, ती आधी सांगतो. विकलेल्या सायकलला महिन्याभराने परत आणायला सांगतो ते विक्री वाढवायला नाही. नव्या तारा ताणतात, स्पोक बसतात, तेव्हा एकदा सगळं पुन्हा आवळावं लागतं. निम्मी गिऱ्हाइकं येतच नाहीत आणि सहा महिन्यांनी तुटलेला स्पोक घेऊन येतात.

दुरुस्तीला आणाल तेव्हा "आवाज येतोय" एवढ्यावर सोडू नका. पायडल मारताना येतो की नुसती घरंगळताना, चढावर की खड्ड्यात, उजव्या पायाला की डाव्या, एवढं सांगितलंत तर माझा निम्मा वेळ वाचतो. आणि शनिवार संध्याकाळी आणून रविवारी पहाटेच्या राइडला मागू नका, निदान गुरुवारी तरी आणा.